कलम चार

मे महिना. शिपाई कूलरमध्ये पाणी टाकून गेला
तेव्हापासून निविदेच्या मसुद्यात
चौथ्या कलमावर बसले आहे.
शीर्षक तेवढं झालंय : मालकाच्या गरजा.
मालक म्हणजे कोण, ते व्याख्येत आहे.
गरजा कुठेच नाहीत.

आजवर सोपं होतं.
आर्किटेक्ट रेघ ओढायचा, आम्ही घनमीटर मोजायचो,
कंत्राटदार अंदाजापेक्षा अकरा टक्के खाली यायचा.
तीन माणसं, तीन सह्या,
चूक निघाली की चौथ्याच्या नावानं.

हिवरीनगरचा दवाखाना आठवतो.
नकाशात लिफ्ट होती. खड्डाही खणला, मापात,
फक्त दुसऱ्या मजल्यावर बीम आडवा आला.
नकाशात तसंच आहे, म्हणाला कंत्राटदार.
नकाशा वाचता येत नाही, म्हणाला आर्किटेक्ट.
दोघांची पत्रं माझ्या टेबलावर आवक होत राहिली,
फाईल वीतभर झाली,
लवादानं दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवलं.
त्या खड्ड्यात आता झाडू ठेवतात.

म्हणून यंदा पारडीच्या प्रसूतिगृहाला एकच हात.
आखेल तोच बांधेल.
एक रक्कम, एक सही, धरायला एक मान.
ढोबळे साहेब म्हणाले, 'झंझटच नाही, मॅडम.
आपण फक्त काय पाहिजे ते सांगायचं.'
फक्त.

सहा ओळी लिहिल्या, सहा खोडल्या.
'उत्तम दर्जाचे', म्हणजे त्याला वाटेल तसे.
'पुरेसा उजेड', कोणाला पुरेसा?
मग भिंतीची जाडीच लिहून टाकली, आणि लक्षात आलं
मी परत त्याच्या हातातली पेन्सिल ओढतेय.
तडा गेला तर म्हणेल, जाडी तुमची होती.
माझ्या लग्नाच्या ब्लाऊजचं असंच झालं :
गळा मी सांगितला, बाही शिंप्यानं ठरवली,
हार घालायला हात वर होईना.

तेव्हा उठले, स्कूटी काढली,
पारडीच्या जुन्या इमारतीत गेले.
अंजिराबाई थावरे, आया, सव्वीस वर्षं रात्रपाळी.
विचारलं, काय पाहिजे तुम्हाला?
आधी हसली. हे कोणी विचारलं नव्हतं.

'दारातून खाट निघाली पाह्यजे जी.
एक जण पुढून धरते, एक मागून,
अन् बाजूनं कोणी ना कोणी रडत चालते.
तिले बाहेर थांब म्हणता येते का?
लाइन गेली त मीच मोबाइल धरतो.
हात दोनच हायेत.'

तिथेच पायरीवर बसून उतरवून घेतलं. ४.७, ४.८.

निविदापूर्व बैठकीत गर्दी, चहा, सावजीच्या गप्पा.
एकानं विचारलं, खाली काळी माती, फुगली तर कोणाची?
मी नऊ बोअरचे अहवाल पुढे सरकवले.
जे आम्हाला माहीत आहे ते तुम्हाला फुकट,
जे कोणालाच माहीत नाही ते आमच्याकडे,
बाकी तुमचं.
साहेबांनी टेबलाखालून पाय दाबला.
त्यांची नजर आतापासूनच दुसऱ्या लिफाफ्यावर,
जिथे नुसता आकडा असेल.
पहिला आधी उघडायचा आहे, मी म्हटलं.
त्यात दार असेल.

शुक्रवारी शंका लेखी आल्या, चौतीस.
एकतिसावी कुण्या पराते बंधूंची,
थट्टा नव्हती, अगदी सरळ अक्षरात :
'कलम ४.७ मधील बाजूने रडत चालणाऱ्या व्यक्तीची
रुंदी किती धरावी?'

बराच वेळ पेन हातात.
कूलर कोरडा फिरत होता.
मग शुद्धिपत्रक क्रमांक दोनमध्ये लिहिलं :
प्रत्यक्ष जागेवर,
रात्रपाळीत,
मोजून घ्यावी.